कॅरहोपचा डावा बूट

१

सोमवारी सकाळी मी टबाचं झाकण उचललं, तर आत नुसतं पाणी होतं.

बाही वर करून मी तळापर्यंत हात घातला. पाणी गार होतं, हाताला काही लागलं नाही. बूट नव्हता. बूट ज्या पांढऱ्या जाळीत गुंडाळलेला असायचा ती जाळी नव्हती, आणि जाळीला बांधलेली नंबराची पट्टीही नव्हती.

सोमवारी मी तिथे जायचं कारण नव्हतं. टबात पाणी घालायचा माझा दिवस रविवार. पण सोमवारी घरीही काही नसतं, म्हणून गेलो होतो.

तो बूट माझ्या बायकोला सापडला होता. माझी हिल्डा म्हणजे कॅरहोप किल्ल्याच्या मित्रमंडळाची जुनी सभासद. रोमन सैन्याचा तो किल्ला आमच्या गावाच्या वर टेकडीवर आहे, आणि दर उन्हाळ्यात मंडळाचे लोक तिथे खोदतात, धुतात, पुसतात, चहा पितात आणि भांडतात. गेल्या उन्हाळ्यात हिल्डाच्या माती खरवडायच्या करणीखाली काळ्या चिखलातून हा बूट वर आला. डाव्या पायाचा, बायकी, लहान मापाचा. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. "बाई पाय घासत चालायची," हिल्डा म्हणाली होती. "अगदी माझ्या आईसारखी." उजवा बूट आम्ही खूप शोधला, मिळाला नाही.

असं चामडं जमिनीत ओलं राहिलं म्हणून टिकलं. बाहेर वाळलं की आवळतं आणि तडकतं. म्हणून प्रयोगशाळेत पाळी येईपर्यंत ते पाण्यात ठेवायचं. उन्हाळा संपायच्या आत हिल्डा दवाखान्यात गेली, आणि ऑक्टोबरात मी एकटा परत आलो. नोव्हेंबरापासून पाणी मी बघतो.

टेकडीवरच्या मंडळाच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तीनच. एक अध्यक्षा हेडलीबाईंकडे, एक खोदकामाचे प्रमुख डॉक्टर प्रॉसर यांच्याकडे आणि तिसरी हिल्डाची. ती माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते.

हेडलीबाई लगेच आल्या. त्यांनी टबात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वॉल्टर, तुम्ही काल पाणी घातलंत ना?"

"चर्चहून येताना. तेव्हा बूट होता."

"म्हणजे त्यानंतर गेला. आणि दार फोडलेलं नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "गुरुवारी ट्रास्कसाहेबांकडे जेवण आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

सगळ्यांनाच माहीत होतं. ट्रास्क म्हणजे आमचे धनिक आश्रयदाते. किल्ल्यातल्या जुन्या स्नानगृहावर छप्पर घालायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण त्याआधी त्यांना तो बूट आपल्या जेवणाच्या टेबलावर हवा होता. पाण्याबाहेर, मखमलीवर, पाहुण्यांना बघायला. हेडलीबाईंनी हो म्हटलं होतं. समितीच्या बैठकीत मी उभा राहून नको म्हटलं होतं. मी तीस वर्षं टपाल वाटलं, सभेत बोलायची मला सवय नाही, त्यामुळे जरा मोठ्यानेच बोललो होतो.

"मी नेला असं म्हणताय?" मी विचारलं.

"मी काही म्हणत नाही. पण लोक म्हणतील. बायकोची वस्तू, बायकोची किल्ली, आणि नको म्हणणारे तुम्ही." त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "शनिवारी वार्षिक सभा आहे. तोवर बूट परत आला, तर मी कुणाला काही विचारणार नाही. नाही आला, तर किल्ली टेबलावर ठेवा, आणि मंडळातून तुमचं नाव काढावं लागेल. मंडळाची वस्तू परस्पर हलवणाऱ्याला मंडळात ठेवत नाहीत. नियम जुना आहे."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

टेकडी उतरताना मनात आलं, किल्ली गेली तर रविवारी मी कुठे जाणार?

२

डॉक्टर प्रॉसर मला खंदकाच्या कडेला भेटले. वेल्सचा माणूस, दाढीत कायम माती. शनिवारी खोदकामाचा मोसम संपला होता आणि सगळ्यांनी मिळून चर बुजवला होता. नवीन हिरवळीवर ते झारीने पाणी घालत होते. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता.

"मी शनिवारी संध्याकाळीच आईकडे गेलो," ते म्हणाले. "आत्ता येतोय. विचारायचं असेल तर आईला फोन करा, मात्र तासभर मोकळा ठेवा. तिला माझं लग्न न झाल्याचं दुःख पहिल्यापासून सांगावं लागतं."

"तुम्हालाही ते जेवण नको होतं."

"नव्हतंच. पण मी नेला असता तर टबासकट नेला असता, वॉल्टर. आणि नंबराची पट्टी गेली म्हणता?"

"जाळीसकट."

प्रॉसरनी झारी खाली ठेवली. "हे विचित्र आहे. विकणारा चोर पहिल्यांदा पट्टी तोडून फेकतो. त्या पट्टीमुळेच तर वस्तू कुणाची ते कळतं."

"मग पट्टी कोण नेईल?"

"ज्याला वस्तूपासून पट्टी वेगळी करवत नाही असा माणूस." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "म्हणजे आमच्यातलाच. पहिल्या दिवसापासून आम्ही हेच शिकवतो. पट्टीशिवाय वस्तू म्हणजे नुसता कचरा."

परत येताना दूध घ्यायला टेटबाईंच्या दुकानात शिरलो. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"बूट गेला म्हणे!" टेटबाई म्हणाल्या. "अठराशे वर्षांचं पायताण कोण चोरतं? माझ्या नवऱ्याचे ने म्हणावं, वासही तसाच आहे."

"सापडेल," मी म्हटलं.

"तुम्ही मंडळवाले सगळेच अर्धवट. काल दुपारी तुमच्यातल्या कुणीतरी माझ्या नवऱ्याला गल्ला उपसायला लावला. चालू सालची पेनी पाहिजे म्हणे. जुनी देऊन नवी घेऊन गेला. नवरा म्हणतो, पेनी ती पेनी, साल कशाला बघायचं?"

"आमची पद्धत आहे," मी म्हणालो.

पद्धत खरंच आहे. चर बुजवण्याआधी तळाशी चालू सालची पेनी टाकायची. म्हणजे शंभर वर्षांनी कुणी तिथे खोदलं तर त्याला कळतं, इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय, आणि कधी तेही. आमच्या मंडळात ज्याला त्या मोसमातली सगळ्यात चांगली वस्तू सापडते, त्याला पेनी टाकायचा मान. गेल्या वर्षी तो हिल्डाचा होता. तिने पेनी आणून ठेवली होती, पण चर बुजवला तेव्हा ती दवाखान्यात होती. तिच्या जागी कुणीतरी दुसरी टाकली. तिची पेनी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तिच्या चष्म्याशेजारी. तिथून हलवावी असं मला कधी वाटलं नाही.

घरी आल्यावर फ्लॉसला ब्रश केला. फ्लॉस हिल्डाची कुत्री. तिच्या पोटाखालचे केस काळ्या वाळक्या चिखलाने गच्च झाले होते. माझा गुडघा एका दिवसात दुसरा चढ मानत नाही, म्हणून रविवारी जेवण झाल्यावर कड्डी तिला फिरवून आणतो. तेवढ्या वेळात मी खुर्चीत डुलकी काढतो. ह्या रविवारी त्याने तिला परत आणलं तेव्हा ती अशीच होती. मी कुरकुरलो, तर म्हणाला, "कुत्री आहे, मळणारच. तुझ्यासारखी दिवसभर खुर्चीत बसून राहील काय?"

कथबर्ट मिलबर्न त्याचं नाव, पण सगळा गाव त्याला कड्डी म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलं नाही. आमच्यात सगळ्यात जास्त मोसम खोदलेला माणूस. हिल्डाला करणी धरायला त्यानेच शिकवलं.

ब्रश करता करता मी ट्रास्कचा विचार करत होतो. त्याची गाडी रविवारी दुपारी किल्ल्याच्या फाटकापाशी उभी होती, असं दुकानाच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं होतं.

३

मंगळवारी मी ट्रास्कसाहेबांकडे गेलो. त्यांचं घर मोठं आहे आणि आत पावलांचा आवाज घुमतो. भिंतीला काचेची कपाटं होती. कपाटांत भाल्यांची टोकं, मणी, मडकी. नोकराने मला आत सोडलं आणि ट्रास्क स्वतःच पुढे आले.

"या, पोस्टमन. झडती घ्यायला आलात ना? कपाटं उघडी आहेत."

"रविवारी तुमची गाडी फाटकापाशी होती."

"होती. स्नानगृहाची मापं घ्यायला माणूस आणला होता. छप्पर घालायचं म्हणजे ते किती मोठं हे बघायला नको?"

"खोलीत गेला होतात?"

"किल्ली कुठाय माझ्याकडे?" त्यांनी एक कपाट उघडून मण्यांची माळ माझ्या हातात दिली. "धरा. कशी वाटते?"

"गार."

"मला ही आवडते कारण ती मी लोकांना दाखवतो. दाखवता येत नाही अशी वस्तू मला फुकट दिली तरी नको. चोरीचा बूट मी कुणाला दाखवू? कपाटाला कुलूप लावून एकटाच बघत बसू?" ते हसले. "ते तुम्ही कराल. मी नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माणूस उर्मट होता, पण खोटं बोलत नव्हता. त्याचा सगळा हव्यास पाहुण्यांसाठी होता, आणि रिकाम्या टेबलाने सगळ्यात जास्त फजिती त्याचीच होणार होती.

मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "पोस्टमन, बूट ज्याने नेला त्याने तो कशात ठेवलाय एवढं बघा. बादलीत ठेवला असेल तर बरं. कोरडा पडला असेल, तर सापडून तरी काय उपयोग?"

हेच दोन दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकवलं नाही.

४

संध्याकाळी मी दोघांचा चहा केला. अजून हात चुकतो. एक कप तसाच ठेवून खिडकीपाशी बसलो.

समोर हिल्डाची पेनी होती. मी ती उचलली आणि साल वाचलं. गेल्या वर्षीचं.

मग टेटबाईंचं बोलणं आठवलं. काल दुपारी. त्या सोमवारी सकाळी बोलत होत्या, म्हणजे रविवारची दुपार. पण चर बुजवला शनिवारी. शनिवारची पेनी हेडलीबाईंनी आम्हा सगळ्यांसमोर टाकली होती, टाळ्याही वाजल्या होत्या. मोसम संपला होता. मग रविवारी चालू सालची पेनी कुणाला कशासाठी लागली?

एकाच कामाला लागते. कुणीतरी रविवारी जमीन उकरून पुन्हा बुजवणार होतं.

आता पट्टीचाही अर्थ लागला. बूट विकायला नेलेला नव्हता. तो पुरला होता, पट्टीसकट, पेनीसकट, नियमाप्रमाणे. चोरी करतानाही ज्याला पेनी टाकल्याशिवाय खड्डा बुजवता येत नाही, असा चोर आमच्या मंडळाबाहेर मिळणार नाही.

आणि कुठे? जिथे तो अठराशे वर्षं टिकला तशाच जागी. ओल्या काळ्या चिखलात. तीन आठवडे पाऊस नव्हता, ओढ्यातही नुसते गोटे होते. टेकडीवर काळा चिखल आता एकाच ठिकाणी राहिला होता, खालच्या खंदकाच्या कोपऱ्यात, जिथे झरा झिरपतो.

फ्लॉस माझ्या पायाशी झोपली होती. मी तिच्या पोटाखालच्या केसांना हात लावला. एक काळा खडा ब्रशातून सुटून राहिला होता.

मग मी मान वर करून खिळ्याकडे पाहिलं. किल्ली तिथेच होती. तिच्यावर, त्याच खिळ्याला, फ्लॉसचा पट्टा लटकत होता.

५

फ्लॉसला घेऊन मी बुधवारी सकाळी कड्डीच्या घरी गेलो. तो ओट्याशी उभा राहून लापशी खात होता. त्याच्या घरात बसायला एकच खुर्ची आहे. ती त्याने माझ्याकडे सरकवली.

"गुडघा कसाय, म्हाताऱ्या?"

"तुझ्याहून मी बारा वर्षांनी लहान आहे."

"दिसत नाही."

"कड्डी, पेनी किती खोल टाकलीस?"

त्याचा चमचा थांबला. त्याने वाटी ओट्यावर ठेवली.

"हातभर," तो म्हणाला. "बूट त्याच्याखाली. वर हिरवळ नीट बसवलीय, सांधा दिसायचा नाही. ओला आहे, वॉल्ट. टबात होता त्याच्यापेक्षा बरा आहे."

"माझ्या खिळ्यावरची किल्ली घेतलीस."

"घेतली. तू घोरत होतास."

"आणि तीन दिवस माझ्या नावाने गाव बोलतोय."

"मला वाटलं होतं, तुझं नाव कुणी घेणार नाही. तुझ्यासारखा सरळ माणूस." त्याने तोंडावरून हात फिरवला. "उद्याचं जेवण जाऊ दे, मग मीच जाऊन सांगणार होतो. आज सांगितलं तर उद्या तो मखमलीवर असेल. एक रात्र दिव्यांखाली ठेवला की संपलं. टाच सुटून येईल. मी असं होताना पाहिलंय, पूर्वी, दुसऱ्या एका बुटाचं. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या छप्पर महत्त्वाचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला कुणी विचारलं असतं तर तू सांगून टाकलं असतंस."

हे खरं होतं.

"आणि हिल्डाने माझ्याकडून शब्द घेतला होता," तो म्हणाला. "दवाखान्यात. तू चहा आणायला खाली गेला होतास. म्हणाली, कड्डी, माझा बूट वाळू देऊ नकोस."

मी फ्लॉसच्या पट्ट्याकडे बघत बसलो. चहा आणायला मी खाली गेलो होतो ते मला आठवत होतं. यंत्र बिघडलं होतं, वेळ लागला होता.

"मला ती काही बोलली नाही," मी म्हणालो.

"तुझ्याबद्दलही बोलली होती. म्हणाली, वॉल्टरला पाणी घालायचं काम द्या. घरी एकटा बसला तर तो बसूनच राहील."

ते काम प्रॉसरनी मला नोव्हेंबरात दिलं होतं. मला वाटलं होतं, त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही.

उठताना मी कड्डीला म्हटलं, "शनिवारपर्यंत तू गप्प बस. सभेत मी बोलतो."

"आणि त्यांनी नाव विचारलं तर? तू खोटं बोलणार?"

"नाही," मी म्हणालो. "नुसता बोलणार नाही."

६

गुरुवारचं जेवण बुटाशिवाय झालं. ट्रास्कनी हेडलीबाईंना सांगितलं, बूट मिळाला की नवी तारीख ठरवू.

शनिवारी दुपारी सभा भरली. हॉलमध्ये नेहमीचे केक होते आणि नेहमीची किटली. हिल्डा बसायची ती खुर्ची कुणी घेतली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो.

माझा विषय आला तेव्हा उभा राहिलो.

"बूट कुठे आहे ते मला माहीत आहे. तो ओला आहे आणि शाबूत आहे. प्रयोगशाळेत पाळी येईपर्यंत तो कुणाच्याही टेबलावर जाणार नाही, असा ठराव सभेने करावा. मग मी जागा दाखवतो."

गलका झाला. कुणीतरी म्हणालं, "ही तर खंडणी झाली!" प्रॉसर म्हणाले, "ही गोष्ट आपणच वर्षापूर्वी ठरवायला हवी होती," आणि त्यांनी पहिला हात वर केला. मग एकेक हात वर जात राहिले. ट्रास्क मागच्या रांगेत होते. त्यांनी हात वर केला नाही, पण उठूनही गेले नाहीत.

हेडलीबाईंनी हात मोजले आणि चष्मा काढला.

"ठराव मंजूर. आता सांगा वॉल्टर, बूट कुणी नेला?"

"ते मी सांगणार नाही."

"मग मला दुसरा मार्ग नाही."

मी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. तिला हिल्डाने लाल लोकर बांधली होती, पिशवीत सापडावी म्हणून. ती काढून घ्यायला हवी होती असं ठेवल्यावर वाटलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ती उचल रे, वॉल्ट." कड्डी टोपी हातात घेऊन उभा होता. "मी नेला, बाई. तो झोपला होता तेव्हा त्याच्या खिळ्यावरून किल्ली घेतली. त्याला बुधवारपर्यंत काही माहीत नव्हतं."

"कथबर्ट, तुम्ही?" हेडलीबाई म्हणाल्या. "तुम्ही तर माझ्या आधीपासून..."

"तुमच्या वडिलांच्या आधीपासून. नियम मला पाठ आहे. तो लिहिला तेव्हा मी खोलीत होतो."

हेडलीबाईंनी बराच वेळ वाट पाहिली, कुणीतरी त्यांना अडवेल म्हणून. मग त्यांनी यादीतून कड्डीचं नाव काढलं. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी ते काढलं. किल्ली त्यांनी माझ्याकडे परत सरकवली.

रविवारी आम्ही बूट वर काढला. कड्डीला आता कुंपणाच्या आत यायची परवानगी नव्हती. तो बाहेर भिंतीवर बसला होता, फ्लॉसचा पट्टा धरून, आणि काठीने खुणा करत होता. "डावीकडे. अरे, डावीकडे! डॉक्टर झालात तरी डावं उजवं कळत नाही."

प्रॉसरनी हिरवळ उचलली. हातभर खाली पेनी होती, चकचकीत. तिच्याखाली पांढरी जाळी, पट्टी आणि आत बूट. टाच जशीच्या तशी. प्रॉसर तो टबात घालून घेऊन गेले. खड्डा बुजवायचं काम माझ्याकडे आलं, आणि वर आलेली पेनीही माझ्या हातात राहिली.

मी खिशातून पेनी काढून खाली टाकली. मग माती लोटली, हिरवळ बसवली आणि पायाने दाबली.

कुंपणापाशी गेलो तेव्हा कड्डी म्हणाला, "माझी पेनी तुझ्या दुसऱ्या हातात आहे. मग खाली कुठली टाकलीस?"

"हिल्डाची."

"ती गेल्या सालची."

"हो."

"पुढे खोदणाऱ्याचा हिशेब चुकेल."

"एका वर्षाने चुकू दे."

त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. मग त्याने फ्लॉसचा पट्टा माझ्या हातात दिला. मी त्याची पेनी त्याला परत दिली आणि त्याच्या शेजारी भिंतीवर बसलो.

"टबात पाणी घातलंस?" त्याने विचारलं.

"घातलं."

"खुणेपर्यंत?"

"खुणेच्या वर बोटभर," मी म्हणालो. आता दर रविवारी बाहेर येऊन मी त्याला हे सांगतो.